कवठ नेमकं कुणासाठी?

महाशिवरात्रीच्या आधी दोन-तीन दिवस भाजीबाजारात एक चक्कर मारा. बेलाच्या पानांच्या जुड्या असतात, रताळ्यांचे ढीग असतात आणि त्यांच्या शेजारी गोणपाटावर ओतलेली राखाडी-पांढरी, खडबडीत, क्रिकेटच्या चेंडूएवढी फळं असतात. हातात घेतलंत तर फळापेक्षा दगडच वाटावा. हेच कवठ. आई नाहीतर आजी त्यातली चार निवडून आणते आणि मग घरातून हाक येते, "अरे, हे एवढं फोडून दे रे!"

बत्ता घ्या, नाहीतर मागच्या दारच्या पायरीवर आपटा. पहिल्या फटक्यात फुटेल तर ते कवठ कसलं! दोन-चार दणके बसल्यावर कुठे एक बारीकशी चीर जाते, मग ते कवच तडकतं आणि तो ओळखीचा आंबट-गोड वास घरभर पसरतो. आत तपकिरी, चिकट गर असतो आणि त्यात विखुरलेल्या छोट्या छोट्या बिया. गूळ, जिरं, तिखट, मीठ घालून त्याची चटणी झाली की फोडण्याचे कष्ट आपण विसरूनही जातो.

पण आज जरा त्या कष्टांकडेच बघू या. तुमच्यासारख्या धडधाकट मुलाला जे फळ खाण्यासाठी बत्ता शोधावा लागतो, ते झाडाने बनवलं तरी कुणासाठी?

प्रश्न वाटतो तितका विचित्र नाही हं! फळ म्हणजे झाडाने दिलेलं प्रवासभाडं असतं. झाडाला पाय नाहीत. पण त्याची सगळी पोरं त्याच्याच पायाशी उगवली, तर तिथे ऊन, पाणी, माती कुणालाच पुरायचं नाही. शिवाय बिया खाणारे उंदीर आणि किडे तिथेच टपून बसलेले असतात. म्हणून झाड एक सौदा करतं. गर तुझा, बी माझं. तू खा आणि जिथे जाशील तिथे माझं बी टाक. जांभळाने हा सौदा पाखरांशी केला, वडा-पिंपळानेही पाखरांशीच केला. त्यासाठी त्यांनी फळं मऊ ठेवली, पाखराच्या चोचीत मावतील एवढी ठेवली. आणि कवठ? कुठल्या पाखराची चोच त्या कवचात शिरणार आहे? चिमणी-बुलबुल जाऊच द्या, पोपटाचंही तिथे काही चालायचं नाही. मग हे भाडं कुणासाठी ठेवलंय?

तपास करायचा म्हणजे आधी संशयिताची नीट ओळख हवी. चला झाडाकडे.

कवठ हे मूळचं आपल्याच भागातलं, भारत आणि श्रीलंकेतल्या कोरड्या जंगलांतलं झाड. जिथे पावसाळा संपला की सात-आठ महिने आभाळातून थेंब पडत नाही, अशा पानगळीच्या रानात ते वाढतं. उंची साधारण ३० फूट, साल करडी आणि भेगाळलेली. लांबून पाहिलंत तर विशेष काही वाटणार नाही. जवळ जाऊन फांदी ओढायला गेलात की मात्र "आई गं!" म्हणाल. पानाच्या बगलेत एकेक सरळ, टोकदार काटा असतो, पाऊण इंचापासून दोन इंचांपर्यंत लांब. काही काटे सालीवर नुसते चिकटल्यासारखे असतात, गुलाबाचे तसे असतात, अंगठ्याने ढकलले की निघतात. कवठाचे तसे निघत नाहीत. तो काटा आतल्या लाकडातूनच आलेला असतो.

आता एक पान तोडा (काटा सांभाळून!). एका देठावर समोरासमोर अशी पाच किंवा सात छोटी पानं दिसतील. ते उन्हाकडे धरून त्यातून बघा. बारीक बारीक ठिपके दिसतायत? या तेलाच्या ग्रंथी. पान चुरगाळून वास घ्या. कुणाला लिंबाची आठवण येईल, कुणाला बडीशेपेची. लिंबू, संत्रं, मोसंबी, कढीपत्ता, बेल ही सगळी कवठाची भावंडं. एकाच कुळातली. बेल तर अगदी जवळचा. त्यालाही काटे आणि त्याचंही फळ टणक. म्हणून पुष्कळ जण दोघांची गल्लत करतात. पण बेलाला तीन पानं असतात आणि त्याचं फळ वरून गुळगुळीत असतं. कवठाची पानं मोजली आणि फळावरून हात फिरवला की पुन्हा चुकायचं कारण नाही.

लिंबाच्या कुळातलं असल्यामुळे या झाडाकडे एक पाहुणी हटकून येते. लिंबाच्या झाडाभोवती काळ्या पंखांवर पिवळट ठिपके असलेलं एक मोठं फुलपाखरू घिरट्या घालताना तुम्ही पाहिलं असेल. त्याची मादी कवठाच्या पानांवरही अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी पहिले काही दिवस हुबेहूब पाखराची विष्ठा वाटावी अशी दिसते. असली घाण कोण खाईल? तीच तर तिची युक्ती! मोठी झाली की ती पानासारखी हिरवीगार होते. तेव्हा तिला काडीने हलकेच डिवचून बघा. डोक्यामागून लालसर, दोन शिंगांसारखं काहीतरी बाहेर काढेल आणि उग्र वास सोडेल. ज्या काट्यांपुढे शेळी माघार घेते, त्याच काट्यांच्या मधून ही बया आरामात पानं कुरतडत हिंडते.

म्हणजे काटे आहेत ते पानांच्या राखणीला. शेळ्या, हरणं, नीलगायी यांनी कोवळी फांदी ओरबाडू नये म्हणून. फळाचं काय? इथे तपासातला पहिला धागा हाती लागतो. कवठ पिकलं की झाडावर लटकत राहत नाही. ते सरळ खाली पडतं. काट्यांच्या पहाऱ्यातून बाहेर येतं आणि जमिनीवर वास सोडत पडून राहतं. म्हणजे खाणारा फांद्यांवर उड्या मारणारा नसावा. तो जमिनीवरून चालत येणारा असावा.

दुसरा धागा कच्च्या-पक्क्याचा. कच्चं कवठ इतकं आंबट आणि तुरट असतं की दात आंबून जातात. बी तयार होण्याआधी कुणी खाऊ नये, हा त्यातला हिशेब. पण वरून बघून कच्चं-पक्कं कळायचं कसं? कवठाचा रंग काही आंब्यासारखा बदलत नाही. बाजारात जुनी माणसं काय करतात ते बघा. फूटभर उंचीवरून कवठ फरशीवर सोडतात. चेंडूसारखी उशी घेतली तर कच्चं, थप्पकन जागच्या जागी बसलं तर पक्कं. यामागे साधं विज्ञान आहे. कच्च्या कवठातला गर घट्ट आणि कवचाला चिकटलेला असतो, त्यामुळे सगळं फळ एकसंध असतं आणि उडतं. पिकलं की गर मऊ होतो, कवचापासून सुटतो आणि आपटण्याचा जोर स्वतःच पिऊन टाकतो. वाळू भरलेला चेंडू टप्पा घेईल का? तसंच हे. पक्कं कवठ कानाशी धरून हलवलंत तर आत गोळा हलल्यासारखाही वाटतो. हा प्रयोग कराच. (आईने निवडून आणलेल्या कवठांवर करायचा असेल, तर आधी विचारून करा.)

तिसरा धागा सापडतो नावात. १८०० साली कोरेया दा सेर्रा या पोर्तुगीज वनस्पतिशास्त्रज्ञाने या झाडाला शास्त्रीय नाव दिलं 'फेरोनिया एलेफंटम'. फेरोनिया ही रोमन लोकांची रानांशी जोडलेली देवता आणि एलेफंटम म्हणजे हत्तींचं! आज शास्त्रज्ञ ते नाव वापरत नाहीत. आजचं नाव 'लिमोनिया अ‍ॅसिडिसिमा', म्हणजे अतिशय आंबट. मला विचाराल तर जुनं नावच जास्त झकास होतं. आंबट काय, पुष्कळ फळं असतात.

पण हत्ती आणि कवठ यांची जोडी काही त्या पोर्तुगीज गृहस्थाने लावलेली नाही. आपल्याकडे ती फार जुनी आहे. गणपतीच्या एका प्रसिद्ध श्लोकात त्याला कपित्थ आणि जंबू, म्हणजे कवठ आणि जांभूळ, आवडीने खाणारा म्हटलंय. (तुमच्यापैकी कुणी भरतनाट्यम शिकत असेल तर 'कपित्थ' ही हस्तमुद्रा तिला ठाऊक असेलच.) शिवाय संस्कृतमध्ये एक दाखला देतात, 'गजभुक्त कपित्था'चा, म्हणजे हत्तीने खाल्लेल्या कवठाचा. हत्ती अख्खं कवठ गिळतो, ते त्याच्या शेणातून जसंच्या तसं बाहेर पडतं, पण उचलून बघावं तर आत गर नाही, नुसतं पोकळ कवच! वरून सगळं ठीक आणि आतून सगळं गायब, अशा गोष्टीला हा दाखला लावतात. न कळत संपून गेलेल्या संपत्तीला, उदाहरणार्थ.

आता तुम्ही म्हणाल, हे कसं शक्य आहे? शाबास, असंच विचारायला हवं. कवचाला चीरसुद्धा गेली नाही तर आतला गर जाईल कुठून? हत्तीची दाढ पाहिली असेल संग्रहालयात, तर ती केवढी मोठी, जाड आणि खवल्या-खवल्यांची असते ते आठवा. आपल्या बत्त्याचं काम ती दाढ एका चावीत करते. तेव्हा अख्खं पोकळ कवठ बाहेर पडण्याची गोष्ट काही मला पटत नाही. पण जो कोणी पहिल्यांदा ती बोलला, त्याने एक गोष्ट नक्की पाहिली असणार, की हत्ती कवठं खातो आणि कवठाचा काही भाग दुसऱ्या टोकाने बाहेर येतो. दक्षिण भारतातल्या आणि श्रीलंकेतल्या जंगलांत हत्तींना कवठं खाताना लोकांनी पाहिलेलं आहे.

आणि हत्तीचं पोट हे बियांच्या प्रवासासाठी फारच सोयीचं वाहन आहे. मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खातो, पण त्यातलं निम्म्याहून कमीच त्याला पचतं. उरलेलं तसंच बाहेर. हत्ती एका जागी थांबत नाही. आज इथे खाल्लेलं कवठ उद्या कुठेतरी मैलभर, दोन मैल लांब पडतं, तेसुद्धा रिकामं नाही, तर ओल्या खताच्या ढिगासकट. बियाला आणखी काय हवं? काट्यांची त्याला पर्वा नाही, बाभळीच्या फांद्या चघळणारा प्राणी तो. कवचाची पर्वा नाही. जमिनीवरचं एकेक फळ सोंडेने वास घेत टिपायचं, हे तर त्याचं आवडतं काम. आपले तिन्ही धागे हत्तीपाशी येऊन मिळतात.

मग प्रश्न असा, की आपल्याकडे कवठं आहेत, पण हत्ती कुठे आहेत?

असाच प्रश्न हजारो मैलांवर मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका या देशात दोन शास्त्रज्ञांना पडला होता. डॅनियल जॅन्झेन आणि पॉल मार्टिन ही त्यांची नावं. तिथल्या जंगलात काही झाडांखाली मोठमोठ्या फळांचा सडा पडायचा आणि कुणी न खाता तो तसाच कुजून जायचा. झाड इतकी मेहनत करून फळं बनवतं ती सडवायला? १९८२ साली या दोघांनी एक भन्नाट कल्पना मांडली. ही फळं ज्यांच्यासाठी बनली ते प्राणीच आता जगात नाहीत! हत्तीसारखे सोंड असलेले गोंफोथेर आणि इतर अजस्र प्राणी सुमारे दहा-बारा हजार वर्षांपूर्वी तिथून नाहीसे झाले. झाडांना मात्र ही बातमी अजून कळलेली नाही. ती बिचारी दरवर्षी पाहुण्यांसाठी पानं वाढून बसतात. तिथे 'हिकारो' नावाचं एक झाड आहे, त्याचं फळ आपल्या कवठासारखंच गोल आणि लाकडी कवचाचं. ते आज कोण फोडतं माहीत आहे? स्पॅनिश लोकांनी नेलेले घोडे! घोडा ते दातात धरून कचकन फोडतो, गर खातो आणि बिया माळभर पेरत हिंडतो. हरवलेल्या पाहुण्याच्या जागी नवा पाहुणा आला.

आपल्या महाराष्ट्रातही एके काळी हत्तीच हत्ती होते. नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वर आहे ना, जिथे आपण पाणपक्षी बघायला जातो, तिथे गोदावरीच्या गाळात एका भल्यामोठ्या प्राचीन हत्तीचे जीवाश्म मिळालेत. त्या जातीच्या नावात नर्मदा आहे, 'नामाडिकस', कारण तिचे अवशेष नर्मदेच्या खोऱ्यातही सापडले. ती जात पार नामशेष झाली. आजच्या जातीचे रानहत्तीसुद्धा अकबराच्या काळापर्यंत, म्हणजे सोळाव्या शतकात, नर्मदाकाठच्या हंडियाच्या रानात होते; 'आइन-ए-अकबरी'त तशी नोंद आहे. मग रानं तुटली, हत्ती पकडले गेले आणि ते मागे मागे सरकत गेले. पुढे २००२ साली कर्नाटकातून काही हत्ती सिंधुदुर्गात उतरले आणि २०२१ साली छत्तीसगडकडून एक कळप गडचिरोलीत आला, तेव्हा वर्तमानपत्रांत मोठाल्या बातम्या झाल्या. ज्या गोष्टीची बातमी होते ती रोजची राहिलेली नसते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मराठवाडा, खानदेश, पश्चिम महाराष्ट्राचा दुष्काळी पट्टा, जिथे कवठ अगदी घरचं आहे, तिथे तर एकही रानहत्ती नाही.

मग इतकी शतकं इथे कवठाची झाडं टिकली कशी? आमचा घोडा कोण?

आता तुमच्या हातातल्या बत्त्याकडे बघा!

होय, माणूसच. कवठाचं झाड गावाकडे कुठे दिसतं ते आठवा. शेताच्या बांधावर, विहिरीपाशी, महादेवाच्या देवळामागे. लोकांनी फळं खाल्ली, बिया उकिरड्यावर आणि बांधावर पडल्या, रोप उगवलं ते कुणीतरी राखलं. सांगलीकडचं कवठे महांकाळ घ्या, शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई घ्या. या नावांत कवठ ऐकू येतं की नाही? आणि राखण्यासारखं त्यात होतंही बरंच. पावसाळ्यानंतर खोडातून डिंक यायचा, तो रंग आणि शाई बनवायला चालायचा. रिकाम्या कवचाच्या तपकिरीच्या डब्या व्हायच्या. गरात पेक्टिन भरपूर, म्हणून जेली अशी लागते की शिकाऊ माणसाचीही बिघडत नाही. नरसोबाच्या वाडीला गेलात तर कवठाची बर्फी घेतल्याशिवाय परत येऊ नका. कर्नाटकात रामनवमीला कवठाचं पानक करतात, तमिळनाडूत गणेशचतुर्थीला गणपतीपुढे कवठ ठेवतात आणि श्रीलंकेत त्याचा गर नारळाच्या दुधात घोळून पितात.

पण अलीकडे हा दुसरा पाहुणाही जरा कंटाळलेला दिसतो. बी लावून वाढवलेल्या कवठाला पहिलं फळ धरायला १५ वर्षं तरी लागतात. एवढा धीर कुणाला आहे? बांधावरचं झाड ट्रॅक्टर वळवताना आडवं येतं, काटे टायरात घुसतात, मग एक दिवस कुऱ्हाड येते. शहरात आपण कवठ खातो खरं, पण बिया जातात प्लॅस्टिकच्या पिशवीतून कचरागाडीत. आणि मिक्सरमध्ये चटणी फिरवली की बियांचाही भुगा! हत्तीच्या दाढेतून सुटलेलं बी मिक्सरच्या पात्यातून काही सुटत नाही.

म्हणून या महाशिवरात्रीला एवढं करून बघा. कवठ फोडलंत की पक्क्या गरातल्या दहा-बारा बिया चटणीआधीच बाजूला काढा. पाण्यात चोळून त्यांचा चिकटपणा घालवा आणि सावलीत वाळवा. फार दिवस ठेवून देऊ नका, ताजं बी चांगलं रुजतं. दुधाच्या रिकाम्या पिशवीला खाली भोकं पाडून माती आणि शेणखत भरा (हत्तीचं मिळालं तर बघा, नाहीतर गाईचं चालेल!). बी बोटाच्या पेराएवढं खोल लावा, रोज थोडं पाणी द्या आणि उकरून बघू नका. रोप आलं की पहिली पानं चुरगाळून वास घ्या, म्हणजे तणच वाढवत नाही ना याची खात्री होईल. रोपवाटिकेत कलमी रोप मिळालं तर ते लवकर फळतं, तेही लावा. पण बियाचं झाड लावण्यातली मजा वेगळी.

पावसाळा लागला की रोपाला कायमची जागा द्या. भरपूर ऊन हवं, पाणी साचायला नको. गावाकडे कुणाचा बांध असेल, शाळेच्या मागचं कुंपण असेल, देवळाची मोकळी जागा असेल, तर तिथल्या मोठ्या माणसांना विचारून लावा. पायवाटेवर मात्र नको, काटे खाली पडतात आणि अनवाणी माणसं त्यावरून चालतात. हिशेब करून ठेवा, आज तुम्ही आठवीत, तेरा वर्षांचे असाल, तर त्या झाडाचं पहिलं कवठ पडेल तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे असाल. पडेल म्हणतोय ते खरंच हं, तीस फुटांवरून. तेव्हा या झाडाला झोपाळा बांधायचा बेत कुणी करत असेल, तर त्याला वेळीच आवरा!